स्टेरॉलमधला भेद आणि औषधाचा विवेक

प्रत्येक जिवंत पेशीभोवती मेदाचे दुपदरी पटल असते. त्याची जाडी चार-पाच नॅनोमीटर. आतले पोटॅशियम आत राखायचे, बाहेरचे सोडियम बाहेर थोपवायचे, हवे ते आत घ्यायचे आणि नको ते टाकायचे, हा सगळा व्यवहार या पटलाच्या भरवशावर चालतो. प्राणी, वनस्पती आणि बुरशी यांच्या पटलात मेदाच्या जोडीला स्टेरॉल जातीचे रेणू रोवलेले असतात. पटल फार ढिले पडू नये आणि फार आखडूही नये, हे काम त्यांचे. प्राण्यांच्या पटलात कोलेस्टेरॉल असते, बुरशीच्या पटलात अर्गोस्टेरॉल. बुरशीवरची अनेक औषधे या अर्गोस्टेरॉलवर किंवा ते घडवण्याच्या वाटेवर घाव घालतात. संसर्ग झालेल्या शरीरात औषध गेले की दोन प्रकारच्या पेशींपैकी एकीला ते धरते आणि दुसरीला बरेचसे सोडून देते. औषधाला मन नाही, इंद्रिये नाहीत, ते जिवंतही नाही. मग ही निवड होते कशी? ज्या भेदावर ती होते तो भेद स्टेरॉलमध्ये असतो, औषधात असतो, की दोघांच्या संबंधात? भेद म्हणजे काय आणि तो कुठे राहतो, यावर भारतीय दर्शनांनी शतकानुशतके वाद घातला आहे. रसायनशास्त्राने गेल्या सत्तर वर्षांत जे दाखवून दिले, ते त्या वादात साक्ष म्हणून मांडता येते.

आधी भेदाचे स्वरूप. कोलेस्टेरॉलमध्ये २७ कार्बन आणि ४६ हायड्रोजन असतात. अर्गोस्टेरॉलमध्ये २८ आणि ४४. ऑक्सिजन दोघांतही एकच. सांगाडा तोच: एकमेकांना चिकटलेली चार कडी, त्यांतली तीन षट्कोनी आणि एक पंचकोनी, एका टोकाला पाण्याकडे तोंड करून बसलेला हायड्रॉक्सिल गट आणि दुसऱ्या टोकाला मेदात बुडालेले शेपूट. शार्ल तान्रे या फ्रेंच रसायनज्ञाने १८८९ मध्ये राय या धान्यावर पडणाऱ्या अर्गट बुरशीतून अर्गोस्टेरॉल वेगळे केले. कोलेस्टेरॉलहून त्याचे वेगळेपण तीन ठिकाणी आहे. दुसऱ्या कड्यात एक जास्तीचा दुहेरी बंध, शेपटात एक जास्तीचा दुहेरी बंध आणि शेपटाच्या २४व्या कार्बनवर एक जास्तीचा मिथिल गट. शेपटातल्या या दोन बदलांमुळे बुरशीच्या स्टेरॉलचे शेपूट ताठ राहते, माणसाच्या स्टेरॉलचे लवचिक. वनस्पतींच्या सिटोस्टेरॉल आणि स्टिग्मास्टेरॉलमध्ये त्याच २४व्या कार्बनवर मिथिलऐवजी दोन कार्बनांचा इथिल गट असतो. जीवसृष्टीच्या तीन मोठ्या शाखांना वेगळे ठेवणारी ही खूण एक-दोन अणूंच्या मापाची आहे.

ही खूणही वाटते तितकी पक्की नाही. माणूस आणि बुरशी दोघेही स्टेरॉल घडवायला लॅनोस्टेरॉल या एकाच रेणूपासून सुरुवात करतात. वनस्पती मात्र सायक्लोआर्टेनॉल या वेगळ्या रेणूवरून जातात. १९९३ मध्ये जनुकीय तुलनेतून बुरशी ही वनस्पतीपेक्षा प्राण्यांच्या जवळची असल्याचे दिसले, त्याच्याशी हे जुळते. त्याहून विचार करायला लावणारी गोष्ट माणसाच्या कातडीत आहे. तिथे ७-डीहायड्रोकोलेस्टेरॉल नावाचा रेणू असतो आणि ऊन लागले की त्यापासून ड जीवनसत्त्व तयार होते. त्याची चारही कडी थेट अर्गोस्टेरॉलसारखी असतात. दुसऱ्या कड्यातला तो जास्तीचा दुहेरी बंध त्यातही आहे. बुरशीची म्हणून सांगितलेल्या तीन खुणांपैकी एक खूण माणूस आपल्या कातडीत बाळगून असतो.

वैशेषिक दर्शनाची या प्रश्नावरची भूमिका सर्वांत सरळ आहे. कणादाच्या परंपरेत द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष आणि समवाय हे सहा पदार्थ मानले गेले. भेद तिथे खरा आहे, बाहेर आहे आणि पाहणारा असो वा नसो, आहेच. घट आणि पट वेगळे का, तर त्यांचे अवयव वेगळे. अवयवांचे अवयव तोडत परमाणूपर्यंत गेले आणि दोन परमाणू अगदी एकसारखे निघाले, तरी ते दोन का? तिथे प्रशस्तपादाने अंत्य विशेष सांगितला. प्रत्येक नित्य द्रव्यात राहणारा, त्यालाच इतरांपासून तोडणारा आणि फक्त योग्यांना दिसणारा हा पदार्थ. स्टेरॉलच्या बाबतीत अंत्य विशेषापर्यंत उतरायची गरजच पडत नाही. दोन्ही रेणू सावयव आहेत आणि त्यांचा भेद अवयवांच्या संख्येतून आणि मांडणीतून निघतो. मिथिल गट आहे किंवा नाही. मधली स्थिती नाही. वैशेषिकाच्या दृष्टीने प्रश्न इथेच मिटतो. भेद स्टेरॉलमध्ये आहे आणि औषध त्याला जाऊन भिडते.

हे उत्तर चुकीचे नाही, पण अपुरे आहे. स्टेरॉलमध्ये भेद अनेक आहेत. त्यांतला कोणता कामाला येईल, हे स्टेरॉलकडे पाहून कळत नाही. नाशिक जिल्ह्यातल्या कळवण, सटाणा, मालेगाव आणि देवळा या तालुक्यांचा मिळून कसमादे पट्टा होतो. कांदा, द्राक्ष आणि डाळिंब ही तिथली पिके, आणि बुरशीनाशकाची फवारणी हे तिथल्या हंगामातले नेहमीचे काम. या पट्ट्यातल्या बागांमध्ये तीन रोग सारखे तोंडी असतात: द्राक्षावरची भुरी, द्राक्षावरचा डाऊनी म्हणजे केवडा, आणि डाळिंबावरचा तेल्या. पानावर पांढरी पूड किंवा फळावर तेलकट डाग दिसला की बोलण्यात तिन्हींची गणना रोगांतच होते, आणि दुकानातून येणारी बाटलीही पुष्कळदा एकाच फळीवरची असते. स्टेरॉलच्या दृष्टीने मात्र हे तीन अगदी निराळे जीव आहेत. भुरी ही खरी बुरशी. ती स्वतःचे स्टेरॉल स्वतः घडवते. केवडा आणणारा प्लास्मोपॅरा बुरशीसारखा दिसतो, पण तो ऊमायसीट वर्गातला, तपकिरी शेवाळांच्या नात्यातला जीव आहे आणि त्याला स्टेरॉल घडवताच येत नाही. तेल्या हा झँथोमोनास जिवाणूचा रोग. जिवाणूंच्या पटलात साधारणपणे स्टेरॉल नसतेच. म्हणून हेक्साकोनॅझोल, टेब्युकोनॅझोल किंवा मायक्लोब्युटानिल यांसारखे ट्रायझोल औषध भुरीवर चालते, केवड्यावर वाया जाते आणि तेल्यावर तर त्याचा काही संबंधच येत नाही.

हे कसे घडते ते पाहिले की वैशेषिकाची अडचण कळते. ट्रायझोल औषधे अर्गोस्टेरॉलला हातही लावत नाहीत. लॅनोस्टेरॉलपासून पुढे जाताना १४व्या कार्बनवरचा एक मिथिल गट काढून टाकावा लागतो. ते काम सीवायपी ५१ नावाचा एन्झाइम करतो. या एन्झाइमच्या पोटात हीम असते, हीममध्ये लोह असते, आणि ट्रायझोलच्या कड्यातला एक नायट्रोजन अणू त्या लोहावर जाऊन बसतो. कारखाना थांबतो, अर्गोस्टेरॉल संपत जाते आणि अर्धवट घडलेले स्टेरॉल साचून पटल बिघडते. माणसाच्या पेशीतही हाच एन्झाइम असतो, कारण कोलेस्टेरॉलची वाटही त्याच दारातून जाते. फरक इतकाच की फ्लुकोनॅझोलसारख्या औषधाची पकड बुरशीच्या एन्झाइमवर घट्ट बसते आणि माणसाच्या एन्झाइमवर सैल. टर्बिनाफिन त्याही आधीची पायरी अडवते. तिथला स्क्वालीन एपॉक्सिडेज हा एन्झाइमही दोघांकडे असतो, आणि तिथेही पकडीतच फरक असतो. म्हणजे शेपटातला मिथिल गट, ताठ शेपूट, २८ कार्बन हे सगळे वस्तूत ठामपणे हजर आहे, पण ट्रायझोलला त्यातले काहीच दिसत नाही. ते निराळ्याच भेदावर चालते.

इथे बौद्ध नैयायिकांचे म्हणणे जास्त उपयोगी पडते. दिङ्नागाने मांडलेल्या अपोहवादानुसार एखादी गोष्ट अमुक आहे असे आपण म्हणतो, तेव्हा तिच्यात कुठले सामान्य दडलेले असते असे नाही. ती इतरांपासून वगळलेली असते, एवढेच. धर्मकीर्तीने याला एक औषधी उदाहरण दिले. गुळवेलीसारख्या वेगवेगळ्या वनस्पती ताप उतरवतात. त्या सगळ्यांत ज्वरनाशकत्व नावाचे एक समान तत्त्व आहे असे मानायची गरज नाही. प्रत्येकीची आपापली शक्ती आहे, परिणाम मात्र एकाच नावाखाली येतो. धर्मकीर्तीच्या मते खरे तेच, जे काहीतरी कार्य करून दाखवते. बुरशीनाशक या वर्गाला हे उदाहरण अगदी चपखल बसते. ट्रायझोल लोहावर बसते, टर्बिनाफिन स्क्वालीनचा मार्ग अडवते, पॉलिईन औषधे थेट स्टेरॉलला धरतात. यांच्यात रचनेचे साम्य शोधून सापडत नाही. शेवटी बुरशी मरते, म्हणून ती एका फळीवर ठेवली जातात. केवड्यालाही रोगाच्या दिसण्यावरून बुरशीच्या रांगेत बसवले गेले. ट्रायझोलने त्याला त्या रांगेतून बाहेर काढले. पण तो बाहेर गेला ते त्याच्या ठायी एखादे वेगळे तत्त्व आढळले म्हणून नव्हे. औषधाचे कार्य त्याच्यावर होत नाही, एवढेच त्याचे कारण.

अपोहाची मर्यादा मात्र पॉलिईन औषधांपाशी दिसते. इथे वगळण्याची रेघ स्पष्ट नाही. वगळलेलेही थोडे धरले जाते.

पॉलिईनचा इतिहास मातीतून सुरू होतो आणि महाराष्ट्रातूनही जातो. १९५० मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य विभागातल्या एलिझाबेथ हेझन आणि रेचेल ब्राउन यांनी मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस जिवाणूपासून निस्टॅटिन मिळवले. १९५० च्या दशकाच्या मध्यावर व्हेनेझुएलातल्या ओरिनोको खोऱ्याच्या मातीतून अ‍ॅम्फोटेरिसिन बी आले. १९५४ मध्ये पिंपरीत स्थापन झालेल्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला हॅमायसिन शोधले. ज्या जिवाणूपासून ते निघाले त्याचे शास्त्रीय नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. पिंपरीचे नाव असे जिवाणूशास्त्रात गेले. त्याच संस्थेतले ऑरिओफंगिन हे पॉलिईन पिकांवरच्या बुरशीसाठी वापरले गेले. दवाखान्यातले आणि शेतातले औषध एकाच कुळातून निघण्याचा हा महाराष्ट्रातला जुना नमुना आहे.

अ‍ॅम्फोटेरिसिनचा रेणू म्हणजे एक मोठे लांबट कडे. त्याच्या एका कडेला सात दुहेरी बंधांची ताठ, पाण्याला टाळणारी ओळ आहे; दुसऱ्या कडेला हायड्रॉक्सिल गटांची पाण्याला धरणारी ओळ आहे; आणि एका टोकाशी मायकोसामीन नावाची शर्करा लटकलेली आहे. पटलातल्या अर्गोस्टेरॉलशी तो जुळतो. जुन्या समजुतीप्रमाणे असे काही रेणू वर्तुळात उभे राहून पटलाला भोक पाडतात आणि आतले पोटॅशियम गळून पेशी मरते. भोके पडतात हे खरे. पण इलिनॉय विद्यापीठातल्या मार्टिन बर्क यांच्या गटाने २०१४ मध्ये दाखवले की मुख्य मारा वेगळा आहे. अ‍ॅम्फोटेरिसिनचे रेणू पटलाच्या बाहेर गठ्ठा करून बसतात आणि पटलातले अर्गोस्टेरॉल स्पंजासारखे शोषून घेतात. पेशीला लागणारे स्टेरॉलच निघून गेल्यावर ती टिकत नाही. मायकोसामीन काढून टाकली तर औषध अर्गोस्टेरॉलला धरत नाही आणि बुरशीलाही मारत नाही. डोळ्यात पिकाचे पान किंवा कूस लागून होणाऱ्या बुरशीच्या संसर्गावर वापरले जाणारे नॅटामायसिन हेही पॉलिईनच. तेही अर्गोस्टेरॉलला धरते, पण भोक न पाडता पटलातल्या वाहतुकीच्या प्रथिनांना निकामी करते.

आणि कोलेस्टेरॉल? अ‍ॅम्फोटेरिसिन त्यालाही धरते, फक्त कमी जोराने. रुग्णाचे मूत्रपिंड बिघडते ते याच कारणाने. शिरेतून हे औषध घेणाऱ्यांना थंडी वाजून ताप भरणे आणि क्रिएटिनिन वाढणे हे डॉक्टरांच्या ओळखीचे आहे. औषध बुरशीला मारते ते ज्या ओढीने, त्याच ओढीच्या सौम्य रूपाने ते माणसाला इजा करते. दोन वेगळ्या शक्ती इथे नाहीत. या विचाराला जोड कसमादेतल्याच एका परंपरेत मिळते. कळवण तालुक्यात नांदुरीजवळच्या सप्तशृंगी गडासमोर मार्कंडेय पर्वत उभा आहे, आणि मार्कंडेय ऋषींनी देवीमाहात्म्य इथेच सांगितले अशी तिथली परंपरा आहे. मार्कंडेय पुराणातल्या या सातशे श्लोकांच्या ग्रंथाच्या पाचव्या अध्यायात देवीची स्तुती करताना तिला सर्व जीवांत बुद्धी म्हणून वसणारी म्हटले आहे आणि भ्रांती म्हणून वसणारीही म्हटले आहे. योग्य निवड आणि चूक यांचे मूळ एकच मानण्याचे हे धाडस भक्तीच्या अंगाने आले आहे, रसायनाच्या नव्हे. तरीही अ‍ॅम्फोटेरिसिनच्या बाबतीत त्याहून नेमके वर्णन सापडणे कठीण.

संबंध आणि त्याचे प्रमाण या दोन गोष्टी एकत्र मांडणारे दर्शन कळवणच्या शेजारच्या बागलाण म्हणजे सटाणा तालुक्यातल्या मांगीतुंगीच्या परंपरेत आहे. मांगीतुंगी हे दिगंबर जैनांचे सिद्धक्षेत्र. २०१६ मध्ये तिथे ऋषभदेवांच्या १०८ फूट उंच मूर्तीची प्रतिष्ठापना झाली. दिगंबर आणि श्वेतांबर दोघांनाही मान्य असलेल्या उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्राच्या पाचव्या अध्यायात पुद्गलाचे म्हणजे जड द्रव्याचे विवेचन आहे. परमाणूंचा बंध का होतो, याचे तिथले उत्तर असे: स्पर्शाच्या स्निग्ध आणि रूक्ष या दोन गुणांमुळे. पण नुसते स्निग्ध आणि रूक्ष असणे पुरेसे नाही. त्या गुणांना अंश असतात. सर्वांत खालच्या अंशाचा परमाणू बंध करत नाही. सारखाच गुण आणि सारखेच अंश असतील तरी बंध होत नाही. दोन अंशांचा फरक असेल तर होतो. आणि बंधात जास्त अंशाचा पक्ष कमी अंशाच्या पक्षाला आपल्यासारखा परिणमवतो. शेवटच्या तपशिलांवर दोन्ही संप्रदायांच्या टीकाकारांत मतभेद आहेत, पण सांगाडा तोच.

यावरून जैन आचार्यांना मेदपटल माहीत होते असा अर्थ काढणे हास्यास्पद ठरेल. त्यांचे परमाणू आणि आजचे अणू यांचा काही संबंध नाही. महत्त्वाचे आहे ते विचाराचे वळण. बंध कुणा एकाच्या स्वभावातून निघत नाही, दोघांच्या गुणांच्या अंशांतून निघतो, आणि निवड म्हणजे जाणणे नव्हे, स्पर्शाचे कमी-जास्त प्रमाण. औषध आणि स्टेरॉल यांच्यात घडते ते असेच. अ‍ॅम्फोटेरिसिनची स्निग्ध कड अर्गोस्टेरॉलच्या ताठ अंगाशी अधिक जुळते, कोलेस्टेरॉलच्या लवचिक शेपटाशी कमी जुळते. बर्क यांच्या गटाने औषधाच्या शर्करेवरचा एकच हायड्रॉक्सिल गट काढला, तेव्हा ते अर्गोस्टेरॉलला धरत राहिले आणि कोलेस्टेरॉलला सोडू लागले. २०२३ मध्ये नेचर या नियतकालिकात त्यांनी एएम-२-१९ नावाचे सुधारित पॉलिईन मांडले; स्टेरॉल शोषण्याचा वेग जुळवून घेतल्यामुळे ते मूत्रपिंडाला जपणारे ठरले. स्टेरॉल जिथल्या तिथे राहिले, बदलला तो संबंध, आणि त्याबरोबर भेदही बदलला. भेद नुसता वस्तूत राहत असता तर असे झाले नसते.

संबंध बदलण्याचा दुसरा मार्ग मुंबईत चोखाळला गेला. केईएम रुग्णालयातल्या नीलिमा क्षीरसागर आणि दिल्लीतले बी. के. बच्छावत यांनी भारतीय लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन विकसित केले. यात औषध मेदाच्या सूक्ष्म पुटिकांत भरतात, आणि त्या पुटिकांत कोलेस्टेरॉल मुद्दाम घालतात. औषध त्या कोलेस्टेरॉलच्या सोबतीने शरीरभर फिरते आणि बुरशीपाशी अधिक ओढीचे अर्गोस्टेरॉल मिळाले की तिकडे जाते. ज्या रेणूशी असलेले सौम्य नाते मूत्रपिंडाला घातक होते, तेच नाते इथे वाहन झाले. साध्या अ‍ॅम्फोटेरिसिनची मात्रा दर किलो वजनामागे रोज एक मिलिग्रॅमच्या आत-बाहेर ठेवावी लागते. लायपोसोमल रूपात ती पाच मिलिग्रॅम आणि गरजेला त्याहून पुढे नेता येते. चरकसंहितेत असे म्हटले आहे की तीव्र विषही युक्तीने वापरले तर औषध होते आणि औषधही वाईट रीतीने वापरले तर विष. ही युक्ती रेणूत नसते. मात्रा ठरवणाऱ्याकडे असते.

मग हे सगळे कुणासाठी चालते, हा प्रश्न सांख्य विचारेल. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत अचेतन प्रकृती पुरुषासाठी कशी प्रवृत्त होते हे सांगताना वासरासाठी आपोआप वाहणाऱ्या दुधाचा दाखला आहे. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात तो दाखला उलटवला: दूध वाहते ते चेतन गाईच्या वात्सल्याने आणि वासराच्या चोखण्याने, निव्वळ अचेतन स्वतःहून कुणाच्या हितासाठी वागत नाही. पॉलिईन बनवणारा स्ट्रेप्टोमायसिस या वादात अडचणीचा साक्षीदार आहे. तो जिवाणू आहे, त्याच्या पटलात अर्गोस्टेरॉल नाही, म्हणून आपल्याच विषाने तो मरत नाही. मातीत त्याच्याशी स्पर्धा करणाऱ्या बुरशीला ते विष बाधते. उत्क्रांतीच्या हिशेबाने यात माणसाचे हित कुठेच नव्हते, आणि जिवाणूलाही हेतू धरावा लागला नाही. ज्यांचे विष चालले ते टिकले. सांख्याचे अचेतन प्रवर्तन यात दिसते, पण पुरुषार्थ दिसत नाही. शंकराचार्यांचा चेतन प्रेरक दिसतो तो फक्त शेवटच्या टप्प्यावर, जेव्हा कुणी ती माती प्रयोगशाळेत आणतो.

बुरशीच्या बाजूनेही एक प्रश्न उरतो, आणि तो धर्माचा आहे. श्वेतांबर परंपरेच्या कल्पसूत्रात साधूंनी वर्षाकाळात जपायच्या आठ सूक्ष्म गोष्टी सांगितल्या आहेत. त्यांत पनक म्हणजे बुरशी आहे, आणि तिचे काळा, निळा, लाल, पिवळा, पांढरा असे पाच रंग दिले आहेत. जैन जीवशास्त्रात ती वनस्पतिकायात मोडते आणि तिला एकच इंद्रिय असते, स्पर्श. (बुरशीला वनस्पतींत धरण्याची चूक लिनियसनेही केली, तेव्हा याबद्दल फार बोट दाखवायला नको.) म्हणजे या दृष्टीने बुरशी जीव आहे आणि तिला मारणारे औषध पुद्गल. मारण्याचे कर्म पुद्गलाला लागत नाही. लागते ते फवारणाऱ्याला आणि औषध देणाऱ्याला. गृहस्थासाठी जैन आचारशास्त्राने हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार प्रकार केले आणि ठरवून केलेली संकल्पी हिंसा तेवढी पूर्ण वर्ज्य मानली. शेतीतली फवारणी उद्योगी हिंसेत येईल, रोग्याला वाचवताना होणारी बुरशीची हत्या विरोधी हिंसेच्या जवळ जाईल. बहुतेक आधुनिक वाचकाला हा हिशेब अनावश्यक वाटेल. पण त्याने एक गोष्ट बरोबर पकडली आहे: निवडीची जबाबदारी निवड करणाऱ्या रेणूवर टाकता येत नाही.

ही जबाबदारी मे २०२१ मध्ये महाराष्ट्राने जवळून पाहिली. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, मधुमेह आणि स्टिरॉइडच्या पाठोपाठ म्युकरमायकोसिसचे रुग्ण वाढले आणि अ‍ॅम्फोटेरिसिनचे इंजेक्शन मिळेनासे झाले. फ्लुकोनॅझोल बाजारात मुबलक होते, स्वस्त होते, आणि निरुपयोगी होते. म्युकर जातीच्या बुरशीच्या सीवायपी ५१ मध्ये एका ठिकाणचे अमिनो आम्ल बदललेले असते, त्यामुळे फ्लुकोनॅझोल आणि व्होरिकोनॅझोलची पकड तिथे बसत नाही. पोसाकोनॅझोल आणि इसाव्हुकोनॅझोलची बसते. बुरशी खरी, अर्गोस्टेरॉल खरे, कारखानाही तोच. तरी औषधाच्या लेखी ती परकी राहिली. नायट्यावर टर्बिनाफिन लागू न होण्याचे प्रकार भारतात वाढले आहेत, त्यामागेही स्क्वालीन एपॉक्सिडेजमधले असेच एक-दोन बदल आहेत, आणि स्टिरॉइड मिसळलेल्या मलमांनी त्या संसर्गाला हातभार लावला आहे.

भेद संबंधात असेल तर तो कायमचा असू शकत नाही, हे औषध-प्रतिकाराच्या या गोष्टी दाखवतात. बुरशीला पूर्ण बदलावे लागत नाही; दोन अंशांचा फरक एका अंशावर आणला की पुरते. हवेत आणि मातीत राहणाऱ्या अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटसमध्ये ट्रायझोलला न जुमानणारे वाण नेदरलँड्समध्ये आणि नंतर भारतातही सापडले, आणि त्यांच्या सीवायपी ५१ मधले बदल शेतातल्या ट्रायझोलच्या वापराशी जोडले गेले आहेत. द्राक्षावर मारले जाणारे टेब्युकोनॅझोल आणि फुफ्फुसाच्या अ‍ॅस्परजिलोसिसवर दिले जाणारे व्होरिकोनॅझोल एकाच एन्झाइमवर, एकाच लोहाच्या अणूपाशी काम करतात. बुरशीनाशकांचे गट त्यांच्या काम करण्याच्या रीतीवरून पडतात. भुरीसाठी एकाच गटाचे औषध सलग न मारता गट बदलून मारावे, केवड्यासाठी ट्रायझोल घेऊच नये आणि तेल्यासाठी बोर्डो किंवा कॉपरचा विचार करावा, हे कसमादेतल्या बागायतदाराला आज सांगण्यासारखे आहे. आणि नायट्याला स्टिरॉइडचे मलम लावू नये, हे सगळ्यांनाच.